परसातला बटाटा आणि शेजारधर्म

पावसाळा सरला की आपल्याकडे परसात मेथी, कोथिंबीर, मुळ्याचे वाफे होतात. त्यांच्या जोडीला बटाटा लावून पाहण्याची हौस काही घरांत दिसते. हौस चांगलीच आहे. पण बेळगाव भागात बटाटा हे अनेक कुटुंबांचे पोटापाण्याचे पीक आहे. म्हणून परसात तीन सऱ्या लावणाऱ्यानेही बियाण्याच्या बाबतीत "घरचेच तर आहे, काहीही चालेल" असे म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोपलीतला कोंब फुटलेला बटाटा मातीत घातला की उगवतो, हे खरे. पण त्याच्या पोटात कोणता रोग दडला आहे, ते नेहमी वरून कळत नाही. उशिरा येणारा करपा रोगट कंदात टिकून राहतो. गार, ढगाळ, ओलसर हवा मिळाली की पानांवर काळपट डाग पडतात, पानाखाली पांढरी बुरशी दिसते आणि वाऱ्यापावसाबरोबर रोग कुंपण ओलांडतो. आयर्लंडात १८४५ पासून याच रोगाने पिके बुडाली; त्या दुष्काळात भूक व साथींनी सुमारे दहा लाख माणसे दगावली.

एवढ्याशा वाफ्याला बियाणे विकत कशाला, असे कोणी विचारील. कोंबडीच्या अंड्याहून थोडे लहान, तीस-चाळीस ग्रॅमचे कंद घेतले तर एका किलोत पंचवीस-तीस बसतात. सहा-सहा फुटांच्या तीन सऱ्यांना तेवढे पुरतात. शेजारी शेतकऱ्याने प्रमाणित बियाणे आणले असेल, तर त्यातले किलोभर मोल देऊन घ्यावे. नवशिक्याने कंद कापू नयेत. कापलेले ओल्या जमिनीत लवकर कुजतात.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, कुजलेले शेणखत घातलेल्या भुसभुशीत जमिनीत लागण करावी. दोन ओळींत दीड-दोन फूट, दोन कंदांत वीतभर अंतर ठेवावे. गेल्या खेपेस टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती ती जागा टाळावी. पाणी हलके द्यावे, साचू देऊ नये. करप्याचे झाड दिसताच उपटून खोल पुरावे, खताच्या खड्ड्यात टाकू नये.

झाडे वीतभर झाली की मातीची भर लावावी. यात आरोग्याचाही प्रश्न आहे. ऊन लागलेला बटाटा हिरवा पडतो व त्यात सोलानिन नावाचे विष वाढते. ते उकळल्यानेही जात नाही. उलट्या, पोटदुखी होते. असा बटाटा मुलांच्या ताटात जाऊ नये, जनावरांपुढेही टाकू नये.

सुमारे तीन महिन्यांनी पाला पिवळा पडला की काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे. काढलेले बटाटे सावलीत सुकवून अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत.

किलोभर बियाण्याचे पैसे वाचवून शेजाऱ्याचे वर्षाचे पीक धोक्यात घालणे ही काटकसर नव्हे. तेवढा खर्च करायचा नसेल, तर त्या वाफ्यात मेथीच बरी.