हमीचा कागद आणि उभी गाडी



आपला कापूस सूत होऊन भिवंडीच्या मागावर जातो. आता आपली पोरेही तिकडे जाऊ लागली आहेत. मानकोली नाक्याच्या गोदामांपुढे भाड्याची वाट पाहणाऱ्या ट्रकांत कोरडवाहू गावांची पोरे भेटतात. तिथेच एकाची गाठ पडली. घरी कापूस-ज्वारी. बोंडअळीने दोन हंगाम बुडवले, तेव्हा दोन एकर विकून आणि बाकीचे कर्ज काढून त्याने नवा ट्रक घेतला. चालवतो स्वतःच.

चौथ्या महिन्यात गिअरबॉक्स गेला. शोरूमवाले आधी म्हणाले, ओव्हरलोड भरलात. मग म्हणाले, सर्व्हिस उशिरा केलीत. शेवटी म्हणाले, कंपनीचा इंजिनिअर येईल तेव्हा पाहू. गाडी तीन आठवडे उभी राहिली. कर्जाचा हप्ता काही उभा राहिला नाही.

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. बी उगवले नाही की कंपनी सांगते, पेरा खोल पडला, ओल कमी होती. माल त्यांचा आणि चूक आपली! हमी म्हणजे कुणी केलेला उपकार नव्हे. तिची किंमत गाडीच्या किमतीतच आपण मोजलेली असते.

त्या पोराने ट्रान्सपोर्ट कचेरीतून बिल्ट्या आणि वजनकाट्याच्या पावत्या जमवल्या, लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने शोरूम आणि कंपनी दोघांना धाडली. ओव्हरलोडचा आरोप टिकला नाही, गिअरबॉक्स बदलून मिळाला. बुडालेले भाडे मात्र मिळाले नाही. गाडी कधी आत घेतली, कधी दिली, याचा एकही कागद त्याच्याकडे नव्हता.

कायदा काय म्हणतो? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, तो जुलै २०२० पासून लागू आहे. धंद्यासाठी माल घेणारा ग्राहक नाही, असे सांगून कंपनी हात झटकते. पण पोटासाठी, स्वतः राबून चालवायला घेतलेली वस्तू या नियमातून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ट्रकचेच उदाहरण दिले आहे: स्वतः ट्रक चालवून पोट भरणारा ग्राहकच, मदतीला एखाद-दोन माणसे घेतली तरीही. गाडी पूर्ण दुसऱ्याच्या हाती दिली, तर हा आधार जातो. बियाण्याबाबत शेतकरी ग्राहक आहे, हेही त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले आहे.

५० लाखांपर्यंत किंमत मोजलेली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग तक्रार घेतो. फी जास्तीत जास्त १,००० रुपये. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पण आयोगापुढे रडगाणे चालत नाही, कागद चालतो. म्हणून:

१. गाडी घेतानाच हमीचा कागद वाचून घ्या. किती महिने, किती किलोमीटर, कोणते भाग वगळले, ते पाहा. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा वेगळी असते.

२. सर्व्हिस वेळेवर, ठरवून दिलेल्या ठिकाणीच करा आणि पावत्या जपा.

३. गाडी आत देताना जॉब कार्डावर तारीख, किलोमीटर आणि बिघाड आपल्या शब्दांत लिहून घ्या, प्रत मागा. चालवून पाहिल्याशिवाय ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही करू नका.

४. वजनकाट्याची पावती फेकू नका.

५. गाडी बंद आहे म्हणून हप्ता थांबवू नका. कर्जाचा करार वेगळा असतो. तो मोडला तर गाडीच ओढून नेतील.

दोष मुळातला असेल तर तज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्या. मी शेतीशास्त्र शिकलो तेव्हा पहिला धडा हाच होता: रोगाची नोंद नसेल तर निदान होत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला ट्रक, ट्रॅक्टर, पंप, बियाणे, ज्याची तक्रार असेल त्याने कागद घेऊन यावे. एकटा माणूस शोरूमच्या बाकावर बसून राहतो. पन्नास जण कागद घेऊन गेले, तर बसायला खुर्ची मिळते आणि उत्तरही!