फुकटच्या बिऱ्हाडाची मुदत

हेरोकू या अमेरिकन कंपनीने २५ ऑगस्ट २०२२ रोजी आपल्या विनामूल्य योजना बंद करण्याचे जाहीर केले व २८ नोव्हेंबरपासून ते अंमलात आणले, तेव्हा प्रोग्रामर मंडळींत मोठा गहजब उडाला. २००७ साली निघालेली आणि २०१० मध्ये सेल्सफोर्सने विकत घेतलेली ही कंपनी म्हणजे नवशिक्यांचे हक्काचे पहिले बिऱ्हाड होते. आपण लिहिलेला प्रोग्राम एका आज्ञेसरशी तिच्या सर्व्हरवर चढवावा आणि जगाला दाखवावा. अर्धा तास कोणी फिरकले नाही तर तो निद्रिस्त होई, एवढीच काय ती खोट.

कंपनीने कारण दिले ते फसवणुकीचे व गैरवापराचे. ते अविश्वसनीय नाही. फुकटचे यंत्रबळ दिसले की त्यावर आभासी चलन पाडू पाहणारे धावतातच. दुसऱ्याच्या विस्तवावर आपली पोळी भाजण्याचा हा व्यवहार कंपनीने अनंतकाळ चालवावा, असे कोणी म्हणू नये.

परंतु रोष निव्वळ पैशांचा होता असे समजणे अन्यायाचे होईल. पुढे कंपनीने महिना पाच डॉलरांची योजना काढली. डेटाबेसचे आणखी पाच. तेव्हाच्या भावाने हे सुमारे आठशे रुपये. नोकरदारास ते जड नव्हेत. पुण्याच्या वा नागपूरच्या वसतिगृहातील मुलास आहेत. शिवाय परदेशी देणे दरमहा चुकविणारे कार्ड त्याने आणावे कोठून? विद्यार्थ्यांना सवलत मिळाली खरी, पण शिकणारा प्रत्येकजण कॉलेजच्या पटावर नसतो. आणि ज्यांचे कर्ते केव्हाच दुसऱ्या उद्योगाला लागले, असे लहानसहान उपयोगी प्रोग्राम तर बेवारशी मेले. त्यांच्या वतीने भांडावयास कोणी उरलेच नव्हते.

गंमत अशी की, प्रोग्राम एका जागेशी जखडू नये म्हणून तो कसा रचावा याचे बारा नियम हेरोकूच्याच जाणकारांनी पूर्वी प्रसिद्ध केले होते. ज्यांनी ते पाळले त्यांना बिऱ्हाड हलविणे सोपे गेले. कित्येक जण ‘रेल्वे’ नावाच्या सेवेकडे (आगगाडीशी तिचा संबंध नाही) वळले; २०२३ मध्ये तिनेही फुकटची योजना गुंडाळली. डेटाबेस पुरविणाऱ्या प्लॅनेटस्केलने २०२४ मध्ये तेच केले.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आता परक्याच्या औदार्यावर विसंबणे सोडावे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प ठेवण्यापुरता एखादा सर्व्हर त्यांना स्वतः चालविता येईल, आणि तो सांभाळण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच सोपविता येईल.