कुऱ्हाडीला आरसा करू नका!

पुण्यातल्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर पोहोचलं, की ताडपत्रीवर मांडलेल्या बंद घड्याळांच्या, कंदिलांच्या आणि कॅमेऱ्यांच्या शेजारी हत्यारांचा एक ढीग हमखास सापडतो. पाने, पकडी, रंधे, पटाश्या. आणि सगळ्यात खाली, गंजून तांबडी झालेली दोन-चार कुऱ्हाडीची पाती. दांडा बहुतेक वेळा नसतोच, असलाच तर वाळवीने पोखरलेला. मी ती पाती उचलून बघायला लागले की ठरलेला प्रश्न येतो, 'काय ताई, घरात भांडण झालंय का?' हा विनोद मी आतापर्यंत चार-पाच विक्रेत्यांकडून ऐकलाय आणि दर वेळी मनापासून हसलेय. कारण त्यानंतर भाव जरा खाली येतो.

तीन वर्षांत माझ्याकडे अशी अकरा पाती जमली. सुरुवातीला या ढिगाकडे माझ्याशिवाय कुणी फिरकत नव्हतं. आता फिरकतात. कॉलेजमधली मुलं येतात, मोबाइलवर आधी 'बिफोर'चा फोटो काढतात, मग भाव विचारतात. हे सगळं व्हिडिओंमुळे झालंय. तुम्हीही बघितले असतील. गंजलेली कुऱ्हाड, रसायनाची आंघोळ, ग्राइंडरच्या ठिणग्या आणि दहाव्या मिनिटाला पात्यात चक्क बनवणाऱ्याचा चेहरा दिसतो. बघायला फार छान वाटतं, हे मान्य. पण मला ते बघून हल्ली पोटात कालवतं. ते का, तेच सांगायचंय.

या व्हिडिओंमधल्या बऱ्याचशा कुऱ्हाडी अमेरिकेतल्या किंवा स्वीडनमधल्या असतात. तिकडे कुऱ्हाड हा कारखान्यात तयार होणारा माल आहे, तोही फार पूर्वीपासून. स्वीडनमधला हुल्ट्स ब्रुक हा कारखाना १६९७ सालचा. अमेरिकेतली कॉलिन्स कंपनी १८२६ सालची, तिच्यावरून गावालाच कॉलिन्सव्हिल हे नाव पडलं. त्यांच्या पात्यांवर ठसा असतो. ठशावरून कारखाना कळतो, काळाचा अंदाज येतो, जुनी सूचिपत्रं काढून नमुना जुळवता येतो. (आणि गंमत म्हणजे तिथले जाणकार संग्राहकही आरशासारखं पॉलिश बघून नाक मुरडतात. पण ते व्हिडिओ कमी चालतात.)

आपल्याकडच्या ढिगातल्या बहुतेक पात्यांवर नाव नसतं. गावातल्या लोहाराने ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या वस्तूवर तो नाव कशाला घालेल? त्याची सही म्हणजे त्याचं काम. घणाचे उथळ खळगे, दांडा बसवायच्या भोकाचा किंचित वाकडा गोल, गालावर राहिलेली एखादी घडी. तुम्ही ग्राइंडर फिरवून हे सगळं सपाट केलंत, की हातात उरतो तो लोखंडाचा चकचकीत तुकडा. तो कालच्या कारखान्यातलाही असू शकतो. मग जुनी कुऱ्हाड घेतलीच कशाला?

हे शहाणपण मला आधीच होतं असं नाही. माझं पहिलं पातं मी दीडशे रुपयांना घेतलं आणि भावाचा ग्राइंडर उसना आणून गच्चीवर अर्ध्या तासात चमकवलं. धारेवर एक सुंदर निळी-जांभळी झाक आली. मला वाटलं, काय मस्त इफेक्ट आलाय! फोटो टाकला, लाइक्स आले. मग ते पातं मी धार करून घ्यायला रस्त्याकडेला भाता लावून बसलेल्या एका घिसाडीकाकांकडे नेलं. त्यांनी ते उन्हात धरलं, धारेवर नख फिरवलं आणि म्हणाले, 'पोरी, पाणी उतरवलंस की हिचं.'

पाणी उतरणं हा वाक्प्रचार आपण माणसांसाठी वापरतो. तो मुळात कुठे जन्मला असेल याचा अंदाज मला त्या दिवशी आला. धारेचं पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून लोहार ते पुन्हा बेताने तापवतो. तापताना घासलेल्या भागावर रंग धावतो. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. हे सगळं साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घडतं. कुऱ्हाडीला कुठल्या रंगावर थांबवायचं हे लोहाराच्या डोळ्याला माहीत असतं. वेगाने फिरणारा ग्राइंडर पातळ धारेला काही सेकंदांत निळ्यापलीकडे नेतो. धार दिसते तशीच, पण मऊ पडते. चार घाव घातले की वळते. माझा 'इफेक्ट' म्हणजे एका माणसाने नीट जमवलेल्या कामाची राख होती. काकांनी ते पातं पुन्हा भट्टीत घालून, धार ठोकून, पाणी देऊन दिलं. ऐंशी रुपये घेतले. मी शंभर दिले आणि मान खाली घालून घरी आले.

दुसऱ्या पात्याच्या वेळी मी घाई केली नाही. साधं पांढरं व्हिनेगर आणलं, बादलीत पातं बुडवून एक दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने घासलं, तर सुटलेला गंज चिखलासारखा निघून आला. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून तेल लावलं. एवढंच. पण पुसताना धारेपासून दोन बोटं वर एक रेघ दिसली. रेघेच्या खालचा भाग गडद करडा, वरचा फिकट. पुढच्या रविवारी बाजारातल्या एका म्हाताऱ्या सुताराला दाखवलं, तेव्हा त्याने समजावलं की वरचं मऊ लोखंड, खालचं पोलाद. पोलाद महाग. म्हणून लोहार सगळं पातं पोलादाचं करत नसे, नुसत्या धारेच्या जागी पोलादाची पट्टी घालून ती भट्टीतच जोडून टाके. हल्ली ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात, म्हणून अशी रेघ असलेली पाती जपून ठेव, असंही तो म्हणाला. व्हिनेगरसारख्या आम्लात दोन धातू वेगवेगळा रंग धरतात, त्यामुळे ती रेघ वर आली होती. पॉलिश केलं असतं तर ती मला कधी दिसलीच नसती.

त्यामुळे माझं म्हणणं सोपं आहे. गंज काढा, पण काळसर रंग राहू द्या. खळगे राहू द्या. धार हाताने, कानशीने करा. वेळ लागतो, पण पातं तापत नाही आणि कानस तुम्हाला पोलाद कसंय ते सांगतेही. ती नुसतीच घसरत असेल तर धार फार कडक, लोण्यासारखी चावत असेल तर मऊ. विकत घेताना पातं दोरीला टांगून हलकेच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर भोकाच्या कडेला तडा शोधा. तडा सापडला तर ते भिंतीवरच शोभेल, दांडा घालू नका. घाव घालताना पातं निसटलं तर ते कुणाच्या पायावर जाईल हे सांगता येत नाही.

दांड्याबद्दल तर एक वेगळा लेख होईल. धावडा सगळ्यात चांगला, नाहीतर बाभूळ. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने सरळ धावल्या पाहिजेत. लाकूड ओलं असताना बसवलेला दांडा उन्हाळ्यात हमखास खुळखुळतो. मग लोक कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतात. दांडा फुगतो, दोन दिवस घट्ट बसतो आणि सुकला की आधीपेक्षा ढिला होतो, कारण आतले तंतू चेपले गेलेले असतात. त्यापेक्षा वाळलेलं लाकूड घ्या आणि पाचर नीट मारा. आणि दांड्याला चकचकीत व्हार्निश लावणाऱ्यांनी त्या दांड्याने एकदा तरी अर्धा तास लाकूड फोडून दाखवावं. हाताला फोड आले की कळेल. अळशीचं तेल पुरतं. फक्त ते पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

आता मुख्य आक्षेप. फ्लॅटमध्ये राहणारी मुलगी कुऱ्हाडीचं करणार काय? प्रश्न रास्त आहे. शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, त्यासाठी १९७५ चा कायदा आहे आणि तो असायलाच हवा. ट्रेकला कुऱ्हाड नेऊन शेकोटीसाठी गडावरची झाडं छाटणाऱ्यांशी माझी भांडणं झालेली आहेत. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्यात राहून टाळता येत नाही. 'कोयता गँग' हा शब्द आता इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. हातात कोयता घेऊन रील करणारी मुलं आणि हातात चमकती कुऱ्हाड घेऊन 'आफ्टर'चा फोटो टाकणारी मुलं, बघणाऱ्याला यातला फरक कसा कळावा? कॅप्शनवरून? शेतीची अवजारं शस्त्र कायद्यातून वगळलेली आहेत, पण ती खांद्यावर मिरवत बाइकवरून जाणाऱ्याला पोलिसांनी अडवलं तर मी पोलिसांना दोष देणार नाही. मी पातं जाड गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून नेते आणि कुऱ्हाड धरलेला स्वतःचा फोटो टाकणं मी बंद केलंय. चमक हा शस्त्राचा शौक आहे. अवजाराला ती लागत नाही.

आणि चमकवलेली कुऱ्हाड जाते कुठे, तेही बघा. 'व्हिंटेज' म्हणून ती ऑनलाइन अडीच-तीन हजारांना विकायला ठेवलेली मी पाहिलीये. कॅफेच्या भिंतीवर दोन आडव्या-उभ्या टांगलेल्या पाहिल्यात. विकणाऱ्याच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. पण या सगळ्या व्यवहारात लोहाराला छदाम मिळत नाही. गावाकडे गॅस आला, लाकूड कापायला कटर मशिन आलं, म्हणून तर ही पाती किलोच्या भावाने भंगारात येतात. त्याच कारणाने भातेही बंद पडतायत. आपल्याला जुन्या कुऱ्हाडीचं एवढं प्रेम असेल तर ग्राइंडरच्या चकतीवर घालवायचे पैसे त्या भात्यापाशी द्यावेत. काम चांगलं होतं, शिवाय तासभर बसायला मिळतं. मला जे काही येतं ते तिथेच बसून आलंय.

माझ्या अकरापैकी सहा कुऱ्हाडी मी देऊन टाकल्या, ज्यांना लागतात त्यांना. रेघ असलेली, माझी सगळ्यात लाडकी, जुन्नरकडे मामाला दिली. त्याने ती हातात तोलली, एक डोळा मिटून धारेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, 'बेस हाय. दांडा तेवढा लांब केलास.' मी आठवडाभर तेल पाजलेल्या त्या दांड्याचा खालचा चार बोटं तुकडा त्याने माझ्यासमोर करवतीने कापून टाकला.

दिवाळीत गेले तेव्हा ती गोठ्याच्या कुडाला टांगलेली होती. पात्यावर बाभळीचा चीक सुकून काळा झाला होता. मी पुसायला फडकं शोधायला लागले, तर चुलीपासून मामी ओरडली, 'राहू दे गं, संध्याकाळी परत लागणारे.'