जुन्या मशिदी आणि नवे शहर

बोथहून हैदराबादेस गेलेला विद्यार्थी चारमिनार पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. परंतु १५९१ सालच्या या वास्तूच्या वरच्या मजल्यावर मशीद आहे, हे कितीजणांच्या ध्यानात असते? शेजारच्या मक्का मशिदीचे काम मुहंमद कुतुबशाहाच्या कारकिर्दीत, १६१७ साली सुरू झाले व औरंगजेबाच्या अमदानीत, १६९४ साली पुरे झाले. मध्यंतरी राज्य पालटले, पण काम सुटले नाही.

स्थापत्य हे भूमीचे व हवामानाचे अपत्य होय. आमच्या गोमंतकात फोंड्याच्या १५६० सालच्या साफा मशिदीवर मुसळधार पावसास साजेसे उतरते कौलारू छप्पर असून शेजारी जांभ्या दगडाची तळी आहे. हैदराबादेत दगड ग्रॅनाइटचा, तर मिनारांवरील नाजूक नक्षी चुन्याच्या गिलाव्याची.

या चुन्यातच संरक्षणाचे मर्म आहे. चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो; सिमेंट ती आत कोंडते आणि भिंत आतून झिजत जाते. म्हणूनच अजाण डागडुजी कधी कधी उपेक्षेहूनही घातक ठरते. २०१९ साली चारमिनारच्या एका मिनारावरील गिलाव्याचा नक्षीदार तुकडा निखळून पडला. हा इशाराच मानावा. उलटपक्षी, कुतुबशाही कबरींच्या परिसरात २०१३ पासून आगाखान सांस्कृतिक न्यासाने केलेल्या कामात सिमेंटचे थर काढून पुनश्च चुना वापरण्यात आला. तेथील मशिदींनाही त्याचा लाभ झाला.

शाळा-दवाखान्यांस पैसा पुरत नसता जुन्या भिंतींवर तो का वेचावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, वेळीच केलेली दुरुस्ती अल्प खर्चाची असते. ढासळलेली कमान मात्र कितीही द्रव्य ओतले तरी जुनी म्हणून परत येत नाही. दुसरा कोणी म्हणेल, मशिदी एका समाजाच्या, इतरांस त्यांचे काय? परंतु ज्या चुन्याने मशिदीचे मिनार घडले, त्याच चुन्याने दख्खनमधील कित्येक देवळांची शिखरे व वाड्यांच्या भिंतीही उभ्या राहिल्या. चुना मळणारा कारागीर नाहीसा झाला, तर हानी सर्वांचीच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, प्राचीन भिंतीवर आपले नाव कोरू नका. ती कशाने बांधली, कोणी सांभाळली, हे विचारा. आमच्या मते जतनाचा आरंभ तेथूनच होतो.