बिननावाची शिशी आणि नावाची किंमत

जव्हारच्या बैठकीत विषयपत्रिकेवर मी 'वजन घटवायची इंजेक्शनं' असं लिहिलं आणि एक ज्येष्ठ कार्यकर्त्या उसळल्याच. "अगं, वावरचं नाव काढलं तरी अजून अंगावर काटा येतो, आणि तू इथं बारीक व्हायची औषधं घेऊन बसलीस? ते मलबार हिलच्या बायकांचं दुखणं." बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण विषय मागे घेतला नाही.

त्यांचा राग रास्त आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून आमच्याकडे वजन म्हणजे अंगणवाडीच्या काट्यावर चढायला हवी अशी गोष्ट. सॅम, मॅम हे शब्द इथल्या आयांना पाठ झाले आहेत. अशा तालुक्यात वजन उतरवण्याची भाषा कानाला टोचते, हे कबूल.

पण याच जव्हारमधली माझी एक मैत्रीण याच औषधापायी तीन दिवस सलाईनवर होती. ती एका आश्रमशाळेत शिकवते. वय अडतीस, चार वर्षांपासून डायबिटीस. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं नवं इंजेक्शन लिहून दिलं. केमिस्टकडे किंमत ऐकून ती तशीच परत आली. मग नणंदेने शहरातल्या एका ब्युटी क्लिनिकचा पत्ता दिला. तिथे सांगितलं, "तेच औषध आहे ताई, आमच्याकडे बनवून मिळतं, पाव किमतीत." रबरी बुचाची एक छोटी शिशी हातात दिली. तिच्यावर लेबल नाही. सोबत चिटोरा, त्यावर पेनाने लिहिलेलं: 'आठवड्याला १० युनिट'. सुई-सिरिंज तुमच्या गावाला घ्या म्हणाले.

आता इथे जरा थांबते, कारण गोम इथेच आहे. इन्सुलिनच्या सिरिंज आपल्याकडे दोन जातीच्या मिळतात. एकीवर एका मिलिलिटरचे ४० भाग, दुसरीवर १००. सरकारी दवाखान्यात ४० चं इन्सुलिन सर्रास वापरतात, म्हणून खेड्यातला दुकानदार मागितलं की ४० ची सिरिंज काढून देतो. शंभरच्या सिरिंजमध्ये १० युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, चाळीसच्या सिरिंजमध्ये तेच १० युनिट म्हणजे ०.२५ मिलिलिटर. बाईने चिटोऱ्याप्रमाणे बरोब्बर दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढलं आणि अडीचपट डोस टोचून घेतला. रात्रीपासून उलट्या सुरू. दवाखान्यातले डॉक्टर विचारत होते, काय टोचलं? किती मिलिग्रॅम? कुणाला सांगता येईना, कारण शिशीवर काही लिहिलेलंच नव्हतं. या औषधाचा अंमल निम्म्यावर यायलाच सुमारे आठवडा जातो आणि त्यावर उतारा नाही. ती वाचली. नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "कुणी सांगितली होती ही हौस?"

ज्या औषधाची ही गोष्ट, त्याचं नाव सेमाग्लुटाइड. तशाच कामाचं दुसरं टिर्झेपेटाइड. दोन्ही मुळात डायबिटीससाठी आली. भूक कमी होते, वजन उतरतं, म्हणून मग लठ्ठपणावरही मंजूर झाली. सेमाग्लुटाइड डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीचं, ओझेम्पिक आणि वेगोव्ही या नावांनी विकलं जातं. टिर्झेपेटाइड अमेरिकेच्या एली लिली कंपनीचं, आपल्याकडे मौंजारो नावाने मार्च २०२५ मध्ये आलं. तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत होती ३,५०० रुपये, आणि महिन्याला चार कुप्या लागतात. जून २०२५ मध्ये वेगोव्ही आलं, सर्वांत कमी डोसला महिन्याला १७,३४५ रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. एका महिन्याच्या औषधासाठी पंचावन्न दिवस माती उचला!

अमेरिकेत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथे या औषधांचा तुटवडा जाहीर झाला होता. तुटवडा असताना औषध जुळवून, मिसळून देणाऱ्या फार्मसींना नक्कल करायची मुभा कायद्याने मिळते. आपल्या पिढीने लहानपणी डॉक्टरांच्या दवाखान्यात पाहिलेला कंपाउंडर आठवा. कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीत लाल मिक्श्चर ओतून देणारा. तोच धंदा तिथे कारखान्याएवढा झाला. कंपनीचं औषध महिन्याला हजार डॉलरच्या वर, विमा कंपन्या हात झटकणार, म्हणून लाखो बायका या मिसळलेल्या शिश्यांकडे वळल्या. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला: लोक सिरिंजमध्ये चुकीचं माप ओढताहेत, काहींनी पाचपट ते वीसपट डोस घेतला. काही फार्मसी तर मूळ औषधाऐवजी त्याचे क्षार वापरत होत्या, ज्यांची कधी तपासणीच झालेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचा तुटवडा संपल्याचं जाहीर झालं आणि नकलेची मुभा आवळली गेली.

मिसळून दिलेल्या इंजेक्शनांचा धोका तिथे नवा नव्हता. २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या अशाच एका फार्मसीच्या पाठीच्या इंजेक्शनात बुरशी निघाली. शेकडो माणसं मेंदूज्वराने आजारी पडली, साठाहून जास्त मेली.

मग कंपन्या म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. अस्सल हवं तर आमचंच घ्या. इथे माझा कंपन्यांशी वाद आहे. शिशीची भीती दाखवून पेनाची किंमत राखायची, हा त्यांचा डाव. शिशीवाले उलट पेनाची किंमत दाखवून शिशी खपवतात. दोघांचं भांडण पेपरात जोरात चालतं आणि दोघांचाही धंदा त्याच एका किमतीवर उभा आहे. ती किंमत खाली आली तर शिशीवाल्याकडे कोण जाईल? नोव्हेंबर २०२५ मध्ये नोवोने वेगोव्हीची किंमत ३७ टक्क्यांपर्यंत उतरवली. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत होती मार्च २०२६ पर्यंत. चार महिने आधी औषध बनवण्याचा खर्च एकाएकी कमी झाला होता का? पेटंट असलेल्या नव्या औषधाला पहिली पाच वर्षं किंमत नियंत्रणातून सूट, ही दुरुस्ती आपल्याच सरकारने २०१९ मध्ये केली. म्हणजे लुटायला परवाना आपणच दिला.

अस्सल नावावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नये. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल जगभर इशारा दिला. ब्राझील, ब्रिटन, अमेरिका या देशांत नकली माल सापडला होता, कंपनीच्याच नावाच्या खोक्यात. आणि आपल्या घरचं १९८६ विसरलो का? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ते ग्लिसरीन औषधाचं नव्हतंच, कारखान्यातलं, विषारी डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खोदत खोदत जाऊन दाखवलं की पुरवठादारापासून औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांपर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत कसे हात बरबटले होते. तिथे तर सगळं सरकारी शिक्क्यानिशी आलं होतं. तरी आयोगाला माग काढता आला, कारण बॅच होती, बिलं होती, पुरवठादाराचं नाव होतं. माझ्या मैत्रिणीच्या शिशीचा माग कोण आणि कसा काढणार?

पेन आणि शिशी यांपलीकडे तिसरी वाट आहे आणि ती आपल्या चळवळीला नवी नाही. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीने औषधांची ब्रँडनावं टप्प्याटप्प्याने काढून टाका, मूळ नावाने विका, असं सांगितलं होतं. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतीय कारखान्यांना दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मोकळीक दिली, म्हणून आपल्याकडे औषधं स्वस्त झाली. २००५ मध्ये ती मोकळीक गेली. परवान्याच्या कारखान्यात बनलेलं, औषध नियंत्रकांनी तपासून मंजूर केलेलं, मूळ नावाचं स्वस्त औषध वेगळं आणि क्लिनिकच्या मागच्या खोलीत पाणी घालून हलवलेली शिशी वेगळी. कंपन्या मुद्दाम दोन्हींना 'नक्कल' म्हणतात. आपण तरी म्हणू नये.

आता त्या ज्येष्ठ ताईंना उत्तर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी. पण त्यांच्या लहानशा अंगात मांस कमी आणि चरबीचं प्रमाण जास्त. पुढे डायबिटीस जडण्याची बीजं तिथेच. म्हणजे आईच्या पोटात उपाशी राहिलेली पोर मोठेपणी साखरेच्या दुखण्याला जास्त सोपी सापडते. वावरच्या त्या वर्षांत जन्मून जी वाचली, त्या मुली आज तिशी ओलांडून गेल्या आहेत. उद्या हे दुखणं त्यांच्या दारात येईल तेव्हा त्यांना पेन परवडणार नाही आणि शिशी मात्र गावात पोचलेली असेल. मग हा विषय मलबार हिलचा कसा?

मी या औषधाची भक्त नाही. वधू पाहिजेच्या जाहिरातीतली 'सडपातळ' मुलगी घडवायला ते वापरलं जाणार, जातंच आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत फेनफ्लुरामिन, २०११ मध्ये आपल्याकडे सिब्युट्रामिन, वजनाच्या या गोळ्या हृदयाला घातक ठरून बंद झाल्या, तोवर किती बायकांनी त्या गिळल्या होत्या. पण म्हणून डायबिटीस झालेल्या बाईला 'तुझं शरीर आहे तसं स्वीकार' असं सांगणाऱ्या मैत्रिणींशीही माझं जमत नाही. तिच्या साखरेला स्वीकाराने फरक पडत नाही.

बायकांना आधी सांगायला हवं ते तर कुणीच सांगत नाही. गरोदरपणात ही औषधं घ्यायची नाहीत. सेमाग्लुटाइड मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपेटाइड सुरू करताना आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुढचे चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध १९८६ साली हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने आणि दिल्लीच्या सहेलीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हाही मुद्दा हाच होता: बाईला पूर्ण माहिती न देता तिच्या अंगात सुई खुपसू नका.

कायदे आहेत. बिनपरवाना औषध बनवणं, बिनलेबलाचं विकणं, १९४० च्या औषध कायद्याखाली गुन्हा. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या जादूटोणा औषधांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे. त्या क्लिनिकच्या पाटीवर 'महिन्यात आठ किलो' असं अजूनही झळकतं आहे.

मैत्रिणीची ती अर्धी शिशी, चिटोरा आणि सिरिंज मी डब्यात जपून ठेवली आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज लिहून झाला आहे, तिची सही बाकी आहे. नोकरीच्या आणि घरच्या भीतीने ती कचरते आहे. तिच्यावर मी जोर करणार नाही. तुमच्या गटांत अशी शिशी कुणाकडे आली असेल तर ती फेकू नका, क्लिनिकचं बिल मागा, तारीख लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. चार गावांचे चार अर्ज एकत्र गेले तर एकटीची सही लागणार नाही.