पेशा आणि छंद

मुलगा आर्किटेक्ट झाला आणि रात्री नकाशे गुंडाळून कथा-नाटके लिहू लागला, की वडीलधारी मंडळी बजावतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" अशा वेळी मला माधव आचवल आठवतात.

आचवलांचा जन्म १९२६ साली यवतमाळला झाला. पेशाने ते वास्तुविशारद. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते वास्तुकला शिकवीत. त्याच्या जोडीने त्यांनी एकांकिका लिहिल्या, समीक्षा लिहिली आणि १९६१ साली 'किमया' हे पुस्तक दिले. विषय वास्तूचाच; पण त्यात विटा-चुन्याचा हिशेब नाही. जागा, उजेड, भिंती माणसाच्या मनाला कशा जाणवतात, हे त्यात सांगितले आहे. नुसत्या नकाशेवाल्याला हे लिहिता आले नसते, नुसत्या लेखकालाही नाही.

लेखनावर चूल पेटत नाही, ही वडिलांची काळजी खोटी नव्हे. म्हणून पेशा सोडू नये. पण वहीही मिटू नये. ज्या घरात माणसे राहायची, ते बांधणाऱ्याला माणसांचे मन कळायला हवे; आणि ते मोजपट्टीने मोजता येत नाही. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरचा तरुण लिहीत बसलेला दिसला, तर दिवा मालवू नका!