खड्ग, वेताळ आणि दहा वर्षांचा वाचक

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, याविषयी आपल्या घरांतून दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, थोर पुरुषांची चरित्रे द्या. कोणी म्हणतो, परीक्षेला उपयोगी पडेल ते द्या. तलवार परजणारा वीर, कपटी मांत्रिक, स्मशान आणि वेताळ असल्या पाचसहा पानी अद्भुतकथांना या दोन्ही याद्यांत स्थान नाही. त्या परकीय आहेत, अंधश्रद्धा वाढवणाऱ्या आहेत आणि निरुपयोगी आहेत, असे तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही तपासून पाहण्यासारखे आहेत.

इंग्रजीतील या प्रकारचा प्रसिद्ध वीर कोनन. अमेरिकी लेखक रॉबर्ट हॉवर्ड यांनी त्याची पहिली कथा १९३२ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला तो अकराव्या शतकात! त्यातील वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा उज्जयिनीचा नव्हे, तर गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. तीच गोदावरी पुढे आपल्या परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या तालुक्यांना भिजवत जाते. जी कथा आपल्याच नदीच्या काठी घडली, तिला परकीय कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. पण या कथेत खलनायक कोण आहे? भिक्षूचा वेष घेऊन दरबारात रोज रत्नगर्भ फळ आणणारा क्षांतिशील! राजाचाच बळी देऊन त्याला सिद्धी मिळवायची असते. वेष पाहून माणसाची पारख करू नये, हा धडा दहा वर्षांच्या मुलाला याहून सोप्या रीतीने कोण शिकवील? शिवाय राजाच्या हाती खड्ग असूनही ते पुरत नाही. प्रत्येक कथेच्या अखेरीस वेताळ न्यायाचा प्रश्न विचारतो आणि उत्तर ठाऊक असूनही जो गप्प राहील त्याचे मस्तक फुटेल असे बजावतो. शौर्याला विवेकाची जोड हवी आणि जाणत्याने मौन धरणे हा अपराध आहे, हा या कथांचा संस्कार आहे. भाबडेपणा वाढवणारे वाङ्मय असे नसते.

राहिला उपयोग. वाचनाची गोडी थोरल्या ग्रंथांनी लागत नाही. एका बैठकीत संपणाऱ्या आणि ‘पुढे काय?’ असे विचारायला लावणाऱ्या गोष्टीने लागते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला. त्या राजवटीत शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व होते. त्यानंतर चार वर्षांच्या आतच, १९५२ साली, मद्रासहून निघणारे ‘चांदोबा’ मासिक मराठीत येऊ लागले. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही त्याने विक्रम-वेताळाच्या चौकटीत नव्या कथा रचवून घेतल्या. शंकर यांनी काढलेले, हाती खड्ग आणि खांद्यावर प्रेत घेतलेल्या राजाचे चित्र अनेक पिढ्यांच्या मनात कोरले गेले. आज ते मासिक बंद आहे. त्याची जागा पडद्यावरच्या खेळांनी घेतली आहे. त्यांत तलवार आहे, जादू आहे. नाही तो वेताळाचा प्रश्न.

सोमदेवाने ज्या ‘बृहत्कथे’चा आधार घेतला, तिचा कर्ता गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या पदरी होता, अशी आख्यायिका आहे. त्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोक रचले. राजाने ते तुच्छ लेखून परत पाठवले. तेव्हा तो अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. राजा धावत पोहोचला तोवर सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. उरले एक लक्ष.

आपल्या घरांतही असेच दहन चालू आहे; फक्त धूर दिसत नाही. गावोगावच्या ग्रंथालयांत वेताळपंचविशीच्या प्रती असतील, त्या कपाटातून बाहेर काढाव्यात. शनिवारी रात्री जेवणानंतर एक कथा मोठ्याने वाचावी आणि वेताळाचा प्रश्न आल्यावर पुस्तक मिटून मुलांना उत्तर विचारावे. कोननही त्यांनी खुशाल वाचावा. पण आधी घरचा वीर ओळखावा. राजाला पोहोचायला उशीर झाला होता. आपल्याला तो होऊ नये.